पडदा नसलेले डोळे

मी आयुष्यभर काय काम केलं हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही नीट सांगता येत नाही. ती तिच्या तळा गावात शेजारीपाजारी सांगते, "आमची ताई रक्त तपासते." उरणच्या बाजारातली माझी नेहमीची मासळीवाली मला 'घाबरवनारी मॅडम' म्हणते. दोघींपैकी मासळीवालीचं जास्त बरोबर आहे.

'जनुकीय समुपदेशक' असं माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. ती पाटी वाचून आपणहून आत आलेलं माणूस मला आठवत नाही. डॉक्टरांनी पाठवलं की लोक यायचे. मी डॉक्टर नाही. औषध देत नाही, सुई टोचत नाही. एखाद्या घरात एखादा आजार रक्तामांसातून चालत आलाय का, आला असेल तर कुणाकडून, आणि पुढे कुणाच्या वाट्याला जाऊ शकतो, हे शोधायचं आणि त्या घराला कळेल अशा मराठीत सांगायचं, एवढंच माझं काम. सुरुवात वंशवेलीपासून. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत शाई भरायची. आजोबा, पणजी, लग्न करून गेलेल्या आत्या, लहानपणीच गेलेली भावंडं, सगळ्यांना त्या कागदावर बोलवायचं. घरातली माणसं माझ्यासमोर भांडायला लागायची ती इथेच.

गिऱ्हाईकं एकेक अशी भेटली! रेवसच्या लाँचवरचे एक खलाशी नमुना द्यायला काही केल्या तयार होईनात. "रगतान सगलंच दिसतं ना मॅडम? मानूस कुटं कुटं काय करून आलाय ते?" मी म्हटलं, "दादा, रक्तात तुमचे पूर्वज दिसतात. तुमचे उद्योग नाही दिसत." तरी त्यांनी बायकोला बाहेरच्या बाकावर बसवल्यावरच हात पुढे केला. पेणचे एक गृहस्थ होणाऱ्या सुनेची पत्रिका घेऊन आले होते. पत्रिका गुरुजींनी जुळवली होती. आता तिची जनुकं आपल्या मुलाशी जुळतात का तेवढं बघून हवं होतं. मुलाचीही तपासावी लागतील म्हटल्यावर चहा अर्धा टाकून उठले.

हसण्यासारखं इतकंच. बाकी मी जास्त करून भीती पाहिली. माझ्या खोलीत माणसं रडायची त्याहून जास्त वेळा नुसती गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं रडण्यापेक्षा जड असायचं. म्हात्र्यांच्या घरातली भीती मात्र वेगळी होती. ती माझ्यामागे माझ्या घरापर्यंत आली.

आमच्या रुग्णालयात डॉ. सामंत म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. एका सकाळी त्यांचा खालच्या मजल्यावरून फोन आला. "एक बाळ पाठवतेय. डोळ्यांचं मी सांगितलंय. पुढचं तू सांग. सांभाळून सांग, आई लहान आहे."

दर्शना म्हात्रे पेणकडची, बी.कॉम. झालेली. मांडीवर चार महिन्यांची स्वरा. शेजारी सासू हिराबाई, नाकात जुन्या वळणाची नथ, हातात बाळाची दुपटी. आणि दाराशी टेकून उभा असलेला नवरा नरेश, बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवणारा. डोळ्यांवर काळा गॉगल. खोलीत एकच ट्यूबलाइट होती, तीही आजारी. गॉगल मी पाहिला, पण बंदरावरची पोरं गॉगल लावतातच.

स्वराचे डोळे पाहिले आणि क्षणभर मलाही वाटलं, काय सुरेख डोळे आहेत! काळेभोर, काठोकाठ भरलेले. दर्शना म्हणाली, "बारशाला सगळ्या बायका म्हणत होत्या, हिला काजळ कशाला घालायचं. पण बाहेर नेली की चेहरा माझ्या छातीत खुपसते आणि किंचाळते. नजर एका जागी राहत नाही, थरथरते."

आपल्या डोळ्यात बाहुलीभोवती एक रंगीत पडदा असतो. कुणाचा तपकिरी, कुणाचा घारा. ऊन वाढलं की तो मिटत जातो, अंधार झाला की उघडतो. स्वराच्या डोळ्यांत तो पडदाच नव्हता, कडेला धाग्याएवढी किनार सोडली तर. जे काळंभोर दिसत होतं ती नुसती बाहुली होती. बायका ज्याचं कौतुक करत होत्या ते सताड उघडं दार होतं, आणि त्यातून आमच्या किनाऱ्यावरचं सगळं ऊन आत घुसत होतं.

मी सांगायला लागले. आईच्या पोटात डोळा घडवायचं काम एका जनुकाच्या हाताखाली चालतं. त्याचं नाव पॅक्स-सिक्स. त्या जनुकापासून एक प्रथिन तयार होतं. ते डीएनएच्या धाग्यावर ठरावीक जागी जाऊन बसतं, तिथे पक्कं धरतं, आणि मग तिथली दुसरी जनुकं कामाला लागतात. कुठली भिंग करतात, कुठली पडदा, कुठली मागचं नेत्रपटल. माशाच्या डोळ्यातही हेच जनुक काम करतं. दर्शना मान हलवत होती. हिराबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने जन्म मिठागरात काढला होता, म्हणून मी त्यांना विचारलं, "आजी, मीठ पिकवायच्या कोंड्यांत भरतीचं पाणी घ्यायला बांधात उघाडीचं दार असतं ना? ते उघडायला माणूसच नसला तर?"

"पानी कसा येल? कोंडी कोरडी."

"हे प्रथिन म्हणजे उघाडीवरचा माणूस. वेळेवर योग्य उघाडी उघडणारा. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. पुष्कळ जनुकांचं एका प्रतीवर भागतं. याचं भागत नाही. एक बिघडली की माणसं अपुरी पडतात, आणि काही कोंड्या कोरड्याच राहतात."

इथपर्यंत ठीक होतं. इथून पुढचं सांगताना मी नेहमी पाण्याचा ग्लास जवळ ओढायची.

पॅक्स-सिक्सच्या शेजारीच, त्याच धाग्यावर, दुसरं एक जनुक असतं. त्याचं प्रथिनही डीएनएवर बसूनच काम करतं, पण मूत्रपिंडात. मूत्रपिंड घडवायचं आणि मग तिथल्या पेशींना आवरून धरायचं. आता स्वराच्या पॅक्स-सिक्सचं काय झालंय? जनुकाच्या मजकुरातलं एखादं अक्षर चुकलं असेल, तर त्रास बव्हंशी डोळ्यांपुरता. पण धाग्याचा तुकडाच गळून पडला असेल, तर शेजारचं जनुकही त्याच्याबरोबर गेलेलं असू शकतं. तसं असेल तर लहानपणीच मूत्रपिंडात गाठ होण्याची भीती मोठी.

"गाठ म्हणजे कसली गाठ?" दर्शनाने विचारलं.

हा प्रश्न येतोच. मी तो शब्द कधी टाळला नाही, आणि कधी मोठ्याने उच्चारलाही नाही. "कर्करोगाची," मी म्हटलं. "पण लवकर सापडली तर बरी होते. म्हणून रक्ताचं उत्तर येईपर्यंत, आणि तुकडा गळलेला निघाला तर त्यानंतरही, दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची."

दर्शनाने स्वराच्या पोटावर हात ठेवला. तो हात मी नंतर कितीतरी वेळा तिथेच पाहिला.

वंशवेल काढायला घेतली. घरात कुणाला उन्हाचा त्रास? लहानपणापासून कमी दिसणारं, डोळे थरथरणारं कुणी? दर्शनाच्या माहेरी कुणी नव्हतं. सासरकडचं मी विचारायच्या आधीच हिराबाई म्हणाल्या, "आमच्या घरान असा कोनालाच नाय."

तेव्हा दारातून नरेश पहिल्यांदा बोलला. "मॅडम, आईबापापैकी कुनाला असे डोले असते तर? मग काय असतं?"

"मग बहुतेक एका अक्षराची चूक असते, आईबापाकडून आलेली. शेजारचं जनुक शाबूत. मूत्रपिंडाची भीती जवळजवळ जाते. पण तुमच्याकडे कुणाला नाही, म्हणूनच तर काळजी वाटते."

त्याने मान हलवली. मी म्हटलं, "तरी अशा वेळी आम्ही आईवडिलांचे डोळे तपासून घेतो. खाली डॉक्टर आहेत, पाच मिनिटांचं काम."

"गाडी गेटवर लागलीय मॅडम. रांगेतला नंबर जाईल," म्हणाला, आणि निघून गेला. दर्शनाची तपासणी झाली. तिचे डोळे अगदी निरोगी होते.

तो जिना उतरताना मी खिडकीतून पाहिलं. दुपारच्या उन्हात बाहेर पडल्याबरोबर तो थांबला, गॉगलवर आणखी तळहात आडवा धरला, आणि पायाने पायरी चाचपून मग खाली उतरला. याच्याही डोळ्यांत काहीतरी आहे, असा मला तेव्हाच संशय आला. पण आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे: न विचारता कुणाच्या शरीरात डोकावायचं नाही. माझी पेशंट स्वरा होती. मी नंतर त्याला फोन केले. त्याने ते घेतले नाहीत.

रक्ताचा नमुना पुढे गेला. अशी तपासणी इथे होत नाही, उत्तर यायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत त्या घरात काय चाललं होतं ते मला पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी कळलं.

दर्शना तेव्हा सासूबरोबर आली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. स्वराला आंघोळ घालताना, दूध पाजताना, झोपवताना ती पोट चाचपायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पोरगी हसता हसता रडायला लागायची, तरी हिचा हात थांबायचा नाही. "काल मला इथे काहीतरी लागलं," ती मला म्हणाली. "मग वाटलं बरगडी असेल. मग पुन्हा वाटलं बरगडी इतकी खाली असते का?"

हिराबाई बाजूने म्हणाल्या, "दिसभर त्या पोरीच्या पोटाला हात. पोटान काय नाय. हिनं गिरानात सुरी धरली, कांदा चिरला, त्याचा हाय हा सगला."

मी म्हटलं, "आजी, ग्रहणाने डोळ्यातला पडदा जात नाही." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की हे बोलणं त्या घरात चालणार नाही हे मलाही कळावं. मग दर्शना खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पोटुशी होते तेव्हा ग्रहण होतं हे खरंय. आणि मी भाजी चिरली हेही खरंय." पदवी घेतलेली मुलगी, आणि तिलाही ते पटायला लागलं होतं.

सोनोग्राफीच्या खोलीत मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टर स्वराच्या उजव्या बाजूला यंत्र फिरवताना बोलत होते, बाळाला गुदगुल्या करत होते. डाव्या बाजूला आले आणि बोलणं थांबलं. यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा. त्यांनी यंत्राचा पडदा जवळ ओढला. मापं घेण्याची टिकटिक सुरू झाली. दर्शनाने माझं मनगट धरलं. ते दोन दिवस दुखत होतं.

"इथे जरा उंचवटा वाटतोय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "बहुतेक मूत्रपिंडाची ठेवणच तशी असेल. पण आठवड्याने पुन्हा बघू या."

'बहुतेक' हा शब्द आमच्या कामात रोज वापरावा लागतो. ज्याच्यासाठी वापरायचा त्याला तो ऐकूच येत नाही. दर्शनाला 'उंचवटा' ऐकू आला. तो आठवडा तिने कसा काढला मला माहीत नाही. रोज फोन यायचा आणि ती काही न बोलता नुसता श्वास घ्यायची. मी 'हॅलो दर्शना' म्हटलं की म्हणायची, "काही नाही मॅडम. आवाज ऐकायचा होता."

खरं सांगते, तेव्हा मीही भ्याले होते. असे आजार मी वाचले होते, बघितलेही होते. पण बाळाची आई रोज फोनवर श्वास घेत असली की वाचलेलं सगळं निरुपयोगी होतं.

आठवडा संपायच्या आधी, भर दुपारी, नरेश एकटाच माझ्या खोलीत आला. खाली आवारासमोर त्याचा ट्रेलर उभा होता. वर लाल कंटेनर. तो आत आला, दार लावलं, आणि खुर्चीत बसून त्याने गॉगल काढला.

"बगा मॅडम."

डोळ्यांतला पडदा खालच्या बाजूला विरलेला होता. बाहुल्या गोल नव्हत्या, कुलुपाच्या भोकासारख्या खाली ओघळलेल्या. नजर बारीक थरथरत होती. ट्यूबलाइटच्या उजेडातही त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पोरीच्या मानाने कमी हाय माझं," तो म्हणाला. "पन हाय. लहानपनापासून. तुम्ही त्या दिवशी बोलला ना, बापाकडनं आलं असलं तर पोटाची भीती जाते. तेव्हापासून तेच डोक्यात घुमतंय. घरी जातो, ती पोरीचं पोट दाबत बसलेली असते. तोंडावर येतं, परत गिळतो."

"का गिळलंस?"

"लायसन जाईल मॅडम. गाडी सोडून मला दुसरं काय येतं? मिठागर गेलं, जमीन गेली. पोटापान्याचं हेच."

मग मी एक प्रश्न विचारला, जो विचारायला नको असं तेव्हा वाटलं, पण विचारला नसता तर स्वतःला माफ केलं नसतं. "नरेश, समोरून गाडीचे दिवे आले की काय होतं?"

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"सफेद होतं. पूर्न सफेद. काय नाय दिसत. मग डाव्या पट्टीवर अंदाजानं धरून चालवायची, समोरची पास होईस्तोवर."

"आणि पट्टी पुसलेली असली तर?"

"अंदाज."

आमच्या रस्त्यावरचे ट्रेलर तुम्ही पाहिले नसतील. एकामागे एक, मैलभर. त्यांच्यामधून शाळेच्या रिक्षा जातात, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका जातात, दुचाकीवर माझी भाची रोज कॉलेजला जाते. त्या रस्त्यावरून हा माणूस इतकी वर्षं पांढऱ्या अंधारातून अंदाजाने येत-जात होता. मागे वळून पाहताना वाटतं, त्या खोलीत मी जितकी घाबरले तेवढी कुठल्याच रिपोर्टने घाबरले नव्हते.

"तुम्ही मालकाला सांगनार?" त्याने विचारलं.

"नाही. पेशंटचं बाहेर सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. कुणाचा जीव धोक्यात असला तर तो नियम किती ताणायचा, हे मलाही ठाऊक नाही. म्हणून मी तुलाच विनवते. चावी इथे ठेव."

"आता? माल पोचवायचाय."

"दुसरा कुणी पोचवील. तू आज ही गाडी चालवत गेलास, तर मी तुला कळवून वरिष्ठांशी बोलणार. लपवून काही करणार नाही, आणि तुझ्या पाठीमागेही नाही."

तो उठला. मला वाटलं गेला. दारापर्यंत जाऊन त्याने कडीला हात घातला आणि तसाच उभा राहिला. पाठमोरा. मला त्याचे खांदे दिसत होते. मग तो वळला, खिशातून चावी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ठेवताना टेबलाची कड त्याने आधी बोटांनी शोधली. त्यानंतर मेव्हण्याला फोन लावला, तोही चालकच. "ये नि गाडी घेऊन जा. माझे डोले बरोबर नाय." हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. बोलून झाल्यावर तो खुर्चीत बसून लहान मुलासारखा हमसून रडला, आणि मी उगाच खिडकीचा पडदा सारखा करत राहिले.

मी त्याला म्हटलं, दर्शनाला तू सांग, मी सांगणार नाही. पण हवं तर इथे सांग. दुसऱ्या दिवशी ती आली, सासूलाही घेऊन. नरेशने गॉगल काढला. दर्शनाने ते डोळे पाहिले नव्हते असं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिला सांगितलं होतं की लहानपणी चुन्याची निवळी डोळ्यात गेली होती.

"चुना नव्हता," नरेश म्हणाला. "जन्मापासून हाय. पोरीला माझ्याकडनं आलंय. तुझ्या गिरानाचं काय नाय."

दर्शनाचा हात स्वराच्या पोटावर होता. तो तिने हळूच उचलला आणि मांडीवर ठेवला. मग सासूकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं, आई."

हिराबाईंनी पदर तोंडाशी नेला. "मना सगला म्हाईत व्हता. याच्या बापाचे पन असेच व्हते. मिठागरान उनाचा, मिठाचा उजेड... त्याला काय दिसायचा नाय, हातानं चाचपून काम करायचा. मी लपवला. कोन पोरगी देनार व्हता याला? मना वाटला, नातीला नाय व्हनार."

"आणि मला सुरी धरल्याचा दोष दिलात." दर्शनाचा आवाज चढला नाही, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "मी रोज माझ्या लेकराच्या पोटात गाठ शोधत होते. रोज. तुम्ही दोघं समोर बसून जेवत होता."

स्वराने आजीच्या बांगडीचा आवाज ऐकून तिकडे हात केला. हिराबाईंनी ती पोरगी घेतली नाही. सुनेकडे बघत राहिल्या, हात जोडले, आणि जोडलेले हात बराच वेळ खाली आले नाहीत. दर्शना म्हणाली, "घ्या तिला. रडेल."

दुसऱ्या सोनोग्राफीत उंचवटा तसाच होता, वाढला नव्हता. मूत्रपिंडाची ठेवणच तशी. डॉक्टर पुन्हा बाळाशी बोलायला लागले तेव्हा दर्शना माझ्या खांद्यावर टेकली. पण पक्की खात्री रक्ताच्या उत्तराशिवाय नव्हती. त्या मधल्या काळात ती पोटावरचा हात आवरायची, आणि आवरलेला हात कुठे ठेवायचा हे तिला कळायचं नाही.

उत्तर आलं. तुकडा गळलेला नव्हता. शेजारचं जनुक शाबूत. पॅक्स-सिक्समध्ये एक अक्षर बदललेलं; नंतर पाठवलेल्या नरेशच्या रक्तातही तेच अक्षर. प्रथिन तयार होत होतं, पण डीएनए धरायची त्याची पकडच ढिली. बसायचं आणि सुटायचं. एकाच चुकीचा बापाला एवढासा त्रास आणि लेकीला एवढा मोठा का, हे दर्शनाने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." हे उत्तर मी कितीदा दिलं असेल! ज्या घराला औषध देता येत नाही, त्याच्या भीतीला नुसतं नाव देऊन घरी पाठवायचं, याचा सल मला कधी गेला नाही.

पोटाची भीती गेली. डोळ्यांची राहिली. अशा डोळ्यांत पुढे दाब वाढतो, मोतीबिंदू येतो, डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग गढुळतो. स्वराला टोपी, गडद चष्मा, दर काही महिन्यांनी डॉ. सामंतांकडे दाबाची तपासणी. नरेशची तपासणी केली तर त्याच्या एका डोळ्यातला दाब आधीच वाढलेला होता. गॉगल काढला नसता तर तो डोळा गुपचूप गेला असता. त्याने गाडी सोडली ती कायमची. आता तो एका यार्डात शेडखाली कंटेनर उतरवून घेण्याच्या कामावर असतो. मोठे आकडे त्याला जवळून वाचता येतात. पहिले काही महिने तो बायकोशी बोलायला बिचकायचा आणि ती त्याच्याशी बोलायचीच नाही, हे मला हिराबाईंनी सांगितलं. त्या दाबाच्या तपासणीला नातीला घेऊन स्वतः यायच्या, आणि बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना सांगायच्या, "गिरानाचा काय नसतं बाय. आमच्यातच हाय ता."

मी काम सोडायच्या थोडे दिवस आधी दर्शना आणि नरेश पुन्हा आले. स्वरा आता चालत होती. ती माझ्या टेबलाशी आली, माझ्या चेहऱ्याजवळ अगदी वीतभर अंतरावर तोंड आणलं आणि निरखून पाहिलं. तिला तसंच दिसतं. तिच्या श्वासाला चुरमुऱ्याचा वास होता.

दर्शनाला दिवस गेले होते.

मी सांगितलं ते असं: या बाळाला ते अक्षर जायची शक्यता निम्मी. पोटात असताना तपासता येतं. तपासून अक्षर आहे की नाही ते कळेल. असेल तर बापासारखं होईल की बहिणीसारखं, ते कळणार नाही. काही घरं तपासतात, काही नाही. तपासून काय करायचं हेही ती घरंच ठरवतात. मी वाट दाखवते, चालायला सांगत नाही.

दोघं ऐकत होते. नरेश गॉगल काढून बसला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. एकदा त्याने तपासणीबद्दल काही विचारलं, एकदा तिने. मग मी माझ्या सवयीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"खूप भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते की मॅडम," दर्शना म्हणाली. "रोज वाटते. पण मागच्या वेळी मी एकटी घाबरत होते. या वेळी आम्ही दोघं घाबरतोय."